थापटणे कोणाच्या हाती? : गोरोबाकाकांच्या परीक्षेची कथा आणि युवकांच्या मैत्रीचा प्रश्न

संतचरित्रांतील काही प्रसंग इतके परिचित होऊन जातात की त्यांच्याकडे संहिता म्हणून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे याचा निवाडा केला, ही कथा अशांपैकी एक होय. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात ती लहानथोरांना ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला गोरोबाकाकांचेच नाव देण्यात आले होते. कीर्तनात ही कथा गुरूचे महत्त्व सांगण्यासाठी येते. महाविद्यालयाच्या व्यासपीठावर मात्र तिचा उपयोग निराळा होतो. खरा मित्र तोंडावर बोलतो आणि पक्का माणूस ते मुकाट्याने सोसतो, असा तिचा अर्थ युवकांपुढे ठेवण्याचा मोह वक्त्याला सहज होतो.

या अर्थाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध घातक आहे. सोसणे म्हणजे पक्के होणे हे समीकरण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या मनात रुजले, तर मित्रमंडळातील चेष्टा, अपमान आणि जबरदस्ती ओळखण्याचे त्यांचे साधनच बोथट होते. म्हणून निकोप मैत्री कोणती आणि रोगट मैत्री कोणती, या प्रश्नाच्या संदर्भात सदर कथेचे पुनर्वाचन करणे अगत्याचे ठरते. कथेचा पारमार्थिक अर्थ नाकारण्याचा येथे हेतू नाही. तो अर्थ संप्रदायात सुस्थिर आहे आणि त्याच्या जागी तो योग्यही आहे. प्रश्न आहे तो ही कथा वर्गात आणल्यानंतरचा.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संत एकत्र जमले आहेत. कुंभाराचे थापटणे पाहून मुक्ताबाई त्याचा उपयोग विचारते आणि ही माणसांची मडकी तपासून पाहावीत असे गोरोबांना सुचविते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सारे शांत राहतात. नामदेवांना मात्र हा प्रकार अपमानास्पद वाटतो आणि ते तसे दाखवितात. त्यावर निवाडा होतो : हे मडके कच्चे. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन जातात, विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवितो आणि पुढे गुरूपदेशाचा प्रसंग येतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) संतांच्या अशा कथा महाराष्ट्रभर पोहोचविल्या. नामदेवांच्या नावावरील गाथेतही या प्रसंगाचे अभंग आहेत. ज्याचा अपमान झाला त्याच्याच नावावर त्या अपमानाची हकीकत नोंदलेली असावी, ही गोष्ट लहान नाही.

या कथेविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, ती पात्रांच्या वयाची. दिनदर्शिकांवरील चित्रांनी आणि चित्रपटांनी या मंडळींना पोक्त करून टाकले आहे. परंपरेने दिलेली जन्मवर्षे प्रमाण मानली तर गोरोबा १२६७ चे, नामदेव १२७० चे, ज्ञानदेव १२७५ चे आणि मुक्ताबाई १२७९ ची. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. तेव्हा हा प्रसंग त्यापूर्वीचाच मानावा लागतो. म्हणजे ज्यांना ‘काका’ म्हटले जाते ते गोरोबा तिशीच्या आतले, नामदेव पंचविशीच्या आसपासचे, ज्ञानदेव विशीच्या उंबरठ्यावर आणि परीक्षेची कल्पना काढणारी मुक्ताबाई सोळा-सतरा वर्षांहून मोठी नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर हे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या वयाचे मंडळ आहे. त्यांच्यात थट्टा आहे, वडीलधारेपणाची उतरंड आहे, कोणी कोणाच्या पुढे असल्याची जाणीव आहे. विठ्ठल नामदेवांशी बोलतो ही ख्याती तर सर्वांना माहीत आहे. समवयस्कांच्या मंडळात एखाद्याचे वेगळेपण डोळ्यांत भरू लागले की त्याला जमिनीवर आणण्याची इच्छा कोणाला तरी होतेच. कथा सांगणाऱ्यांनी या इच्छेला ‘गर्वपरिहार’ हे नाव दिले. नाव दिल्याने तिचा सगळा उलगडा झाला असे मात्र नाही.

आता थापटण्याकडे वळता येईल. कथेतील सर्वांत समृद्ध जागा हीच आहे आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहिली आहे. थापटणे हे कुंभाराचे लाकडी, चपटे अवजार. चाकावरून उतरविलेले मडके थोडे सुकले, पण अजून ओलसर असले, की कुंभार एका हाताने आतून दगडी गोट्याचा आधार देतो आणि दुसऱ्या हातातील थापटण्याने बाहेरून हलके ठोके देत त्याची कड सारखी करतो, तळ मिटवितो, पोट फुगवितो. त्यानंतर मडके वाळते आणि मगच आव्यात जाते. भाजून निघालेल्या मडक्यावर थापटण्याचे काहीएक काम उरत नाही. पक्के मडके पारखण्यासाठी बोटाच्या पेराने टिचकी मारली जाते आणि नाद ऐकला जातो. विकत घेणारी बाईसुद्धा बाजारात तेच करते.

कारागिरीची ही साधी माहिती कथेवर वेगळाच प्रकाश टाकते. घडविण्याचे अवजार येथे पारखण्यासाठी वापरले गेले आहे. थापटण्याचा खरा उपयोग कच्च्या मडक्यालाच. तेव्हा त्या सभेत त्या अवजाराचे खरे नाते होते ते एकट्या नामदेवांशी. बाकीच्यांवर पडलेले ठोके त्यांना काही देऊन गेले नाहीत, कारण त्यांना आकार यायचा उरला नव्हता. ‘कच्चे’ हा शब्द कुंभाराच्या तोंडी दूषण असूच शकत नाही. तो मडक्याच्या एका अवस्थेचा निर्देश आहे. कच्चे मडके टाकून द्यायचे नसते, त्याच्यावर काम करायचे असते. निवाड्यानंतर सभेने त्या शब्दाला दूषणाचा रंग दिला आणि तोच रंग पुढे म्हणीसारखा चिकटून राहिला.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. कुंभाराचा बाहेरचा हात ठोका देतो तेव्हा त्याचा दुसरा हात आत असतो. आतला हात नसेल तर त्याच ठोक्याने मडके बसते. गुरुशिष्यांच्या नात्यासाठी ही प्रतिमा भारतीय संतकवितेत अन्यत्रही आलेली आहे. मित्रांच्या नात्याला ती अधिक लागू पडते, कारण मित्राला गुरूचा अधिकार नसतो आणि म्हणून आतल्या हाताखेरीज ठोका देण्याचा परवानाही त्याच्यापाशी नसतो. कथेत हा आतला हात कुठे आहे? गोरोबांच्या सभेत तो दिसत नाही. दुखावलेल्या नामदेवांच्या मागे कोणी गेल्याचे कथा सांगत नाही. त्यांना आधार देण्याचे काम विठ्ठलाला करावे लागते. सभेत ज्ञानदेव होते. जीवमात्रांत परस्पर मैत्र असावे असे पसायदानात मागणारे. त्यांनीही त्या क्षणी काही म्हटल्याची नोंद नाही.

परीक्षकाच्या अधिकाराविषयीही एक शंका उपस्थित होते. नामस्मरणात देहभान हरपलेल्या ज्या गोरोबांच्या पायांखाली चिखलाबरोबर स्वतःचे मूल तुडविले गेले, असे त्यांच्याच चरित्रात सांगितले आहे, त्यांच्याच हाती माणसे पारखण्याचे अवजार दिले जाते. संतचरित्रकारांना या दोन कथांत विसंगती वाटली नाही. आजच्या वाचकाला ती वाटली, तर त्यात अश्रद्धा आहे असे समजण्याचे कारण नाही.

वसतिगृहाच्या खोलीत हीच कथा निराळ्या वेषात घडते. नव्या विद्यार्थ्याला मधोमध बसविले जाते, त्याच्या बोलीची, गावाची, कपड्यांची थट्टा होते, डोक्यावर टपल्या पडतात. जो हसून घेतो तो ‘आपला’. जो चिडतो तो ‘कच्चा’. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ ची व्याख्या या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगी आहे. शारीरिक इजेइतकेच मानसिक इजेला, भीतीला, लज्जेला आणि अवघडलेपणाला तिने स्थान दिले आहे. चेष्टामस्करीचा उल्लेख केला आहे. आणि विद्यार्थी एरवी स्वखुशीने जे करणार नाही ते त्याला करावयास सांगणे हेही रॅगिंगमध्ये धरले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम त्यानंतर आले. कायद्याची ही भाषा रुक्ष आहे, पण तिने एक गोष्ट अचूक हेरली : कृत्याचा दर्जा ठरविताना ते करणाऱ्याचा हेतू नव्हे, तर ज्याच्यावर ते झाले त्याचा अनुभव पाहायचा. कथेच्या रूढ वाचनात नेमका हाच अनुभव पुसला जातो. नामदेवांना काय वाटले हे विचारले जात नाही. त्यांना तसे वाटायला नको होते, एवढेच सांगितले जाते. रोगट मैत्रीची ही सर्वांत ठळक खूण मानावी लागेल. तिच्यात दुखावल्याचा दोष दुखावलेल्याकडे जातो.

तेरच्याच मातीत या प्रश्नाचा आणखी एक जुना धागा सापडतो. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनकाळातील मोठी व्यापारी पेठ. येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. गोरोबांच्या कितीतरी आधी या गावाने बुद्धवचन ऐकले होते. त्या वाङ्मयात, दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात, मैत्रीची पारख एका तरुणालाच समजावून दिलेली आहे. पित्याच्या अखेरच्या आज्ञेनुसार सहा दिशांना नमस्कार करणारा सिगाल नावाचा गृहस्थपुत्र राजगृहाजवळ बुद्धाला भेटतो. बुद्ध त्याला दिशांचा अर्थ माणसांच्या नात्यांत उलगडून दाखवितो आणि त्याआधी खोटे मित्र व खरे मित्र कसे ओळखावेत ते सांगतो. खोटे चार : केवळ घेऊन जाणारा, केवळ बोलून दाखविणारा, गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवरचा सोबती. खरे चार : उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा.

या मांडणीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात भावनेची वर्णने जवळजवळ नाहीत. वागणुकीच्या खुणा आहेत. गोड बोलणारा मित्र समोर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा करतो, एवढेच सांगून सुत्त थांबत नाही. तो वाईट कामालाही होकार देतो आणि चांगल्या कामालाही, अशी त्याची बारीक ओळख ते देते. सुखदुःखात सारखा राहणारा स्वतःचे गुपित सांगतो, दुसऱ्याचे गुपित राखतो आणि संकटात सोडून जात नाही. अनुकंपा बाळगणाऱ्याच्या खुणांत एक खूण अशी आहे, की मित्राविषयी कोणी वाईट बोलू लागले तर तो त्याला आवरतो. थापटण्याच्या सभेला ही खूण लावून पाहिली म्हणजे तिथे काय उणे होते ते नेमके कळते. हिताचे सांगणारा होता, आवरणारा नव्हता. ॲरिस्टॉटलनेही नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मैत्रीचे उपयोगासाठीची, सुखासाठीची आणि सद्गुणांवर उभी असलेली असे तीन प्रकार केले. तथापि मराठवाड्यातील विद्यार्थ्याला सिगालाची खूणयादी अधिक हाताशी येण्यासारखी आहे, आणि येथील अनेक घरांत ती परकी तर नाहीच.

आधुनिक मराठी कादंबरीत या खुणांची उदाहरणे शोधण्यास लांब जावे लागत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृहातील त्याच्या भोवतालची माणसे आणि त्याचा मोकळा हात यांचे नाते ‘केवळ घेऊन जाणाऱ्या’ मित्राच्या वर्णनाशी जुळते. कादंबरीची प्रामाणिकता अशी की पांडुरंग स्वतःला त्यातून निर्दोष सोडवून घेत नाही. देण्यातून मिळणारा मोठेपणाही त्याला हवा असतो. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चे (१९८२) उदाहरण वेगळे आहे. २०१३ च्या चित्रपटामुळे ती कादंबरी न वाचलेल्या पिढीपर्यंतही पोहोचली. कट्ट्यावरच्या टोळीची एकजूट, मित्रासाठी मारामारीत उतरणे, प्रश्न न विचारता बाजू घेणे यांचे तिला असलेले आकर्षण खरे आहे आणि ते नाकारून शिक्षकाच्या हाती काही लागणार नाही. परंतु मित्राची बाजू घेणे आणि मित्राला आवरणे यांत निवड करण्याची वेळ येते, तेव्हा चित्रपटाचा कल बहुतेक वेळा पहिल्याकडे असतो. नाशाच्या वाटेवरचा सोबतीही बाजू घेतोच.

येथे एक आनुषंगिक बाब नमूद करावीशी आहे. या सर्व संहितांत मैत्री म्हणजे प्रायः पुरुषांचे मंडळ. जिल्ह्यातील कितीतरी विद्यार्थिनींची मैत्री एस.टी.च्या वेळापत्रकात मावेल एवढीच असते आणि लग्न ठरले की तीही संपते. कट्टा त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या मैत्रीची चिकित्सा करणारी मराठी समीक्षा अद्याप तोकडी आहे.

मुक्ताबाईचा विचार या संदर्भात पुन्हा करावा लागतो. परीक्षेची कल्पना तिची. पण तिच्याच नावावर ताटीचे अभंग आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात, तेव्हा ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना समजाविते आणि ताटी उघडण्याची विनवणी करते. सभा नाही, परीक्षा नाही, निवाडा नाही. दाराबाहेर थांबणे आहे. चुकीच्या रागातून माणसाला बाहेर काढण्याचेच काम दोन्ही प्रसंगांत आहे. ताटीच्या प्रसंगी बोलणे कठोर झाले तरी बोलणारी दारातून हलत नाही. थापटण्याच्या प्रसंगी शब्द एकच, पण तो चारचौघांत उच्चारला जातो आणि उच्चारणारे जागचे उठत नाहीत. एकच व्यक्ती एका नात्यात निकोप आणि दुसऱ्यात निष्काळजी असू शकते, हे या दोन कथा शेजारी ठेवल्याने दिसते. वर्गात शिकविताना त्या शेजारीच ठेवाव्यात. मित्रांची चांगले आणि वाईट अशी कायमची वाटणी करून देणारी व्याख्याने विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाहीत, कारण त्याच्या भोवतालचे मित्र असे वाटून आलेले नसतात.

नामदेवांच्या वागणुकीकडेही या दृष्टीने नव्याने पाहिले पाहिजे. त्यांनी तीन गोष्टी केल्या. दुखले तेव्हा दुखले असे दाखविले. मंडळ सोडून निघून गेले. आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याच्यापाशी जाऊन सर्व सांगितले. आज एखाद्या समुपदेशकाने त्रस्त विद्यार्थ्याला याहून वेगळे काही करण्यास सांगितले नसते. पुढे विसोबांकडून त्यांनी जे मिळवायचे ते मिळविले. परीक्षेतले तथ्य त्यांनी नाकारले नाही. महत्त्वाचे हे की निघून गेलेल्या नामदेवांना परत येता आले. ज्या मंडळातून बाहेर पडण्याची किंमत कायमची बहिष्कृती असते, त्याला मैत्री म्हणणे कठीण आहे. संतांच्या मंडळाच्या बाजूने नोंदविण्याची मोठी गोष्ट हीच, की त्याचे दार नामदेवांसाठी बंद झाले नाही. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग नामदेवांच्या अभंगांतून उतरला आहे आणि त्यातील व्याकुळता ही ‘पक्क्या’ माणसाची नाही. सोसता न येणे हा ज्याचा दोष ठरविला गेला होता, त्याच्या न सोसण्यामुळेच त्या वियोगाला शब्द मिळाले.

कथा सांगणारे बहुधा विसोबांपाशी थांबतात. चोखोबांची कथा मग वेगळ्या दिवशी, वेगळ्या कीर्तनात येते. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि वेठीला लावलेल्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेव तेव्हा, परंपरेच्या हिशेबाने, सत्तरीला टेकलेले होते. ते मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्याखाली अनेकांची हाडे एकात एक मिसळली होती. चोखोबांची कोणती हे ठरविण्यासाठी नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी धरले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते वेगळे काढले, असे परंपरा सांगते. त्यांनी ती हाडे पंढरपुरास आणून महाद्वारासमोर पुरली. पारख येथेही आहे आणि तीही नादावरूनच आहे. नामदेवांनी ठोका मात्र कशालाच दिला नाही.